गॅल्व्हेस्टनचं अनाथालय आणि त्यातला संग्रह

टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावरचं ब्रायन म्युझियम लोकांना माहीत आहे ते काउबॉयांची खोगिरं, जुने नकाशे आणि बंदुका यांच्यासाठी. हा ऐवज ज्या वास्तूत मांडलाय ती मात्र बांधली होती अनाथ मुलांसाठी. खोगिरांचा आणि मुलांचा काही संबंध नाही. माझ्या मते वास्तूची गोष्ट जास्त मोलाची.

एकोणिसाव्या शतकातलं गॅल्व्हेस्टन म्हणजे कापसाच्या व्यापारावर गबर झालेलं बंदर. पीतज्वराच्या साथी तिथे वरचेवर येत. 1867 च्या साथीत पोरक्या झालेल्या मुलांना कॅथलिक नन्सनी आसरा दिला, त्यातून सेंट मेरीज अनाथालय उभं राहिलं. पुढे 1874 मध्ये त्यांनी मुलांना गावापासून लांब, पश्चिमेच्या किनाऱ्यावर नेलं. हेतू एवढाच की गावातल्या तापाने त्यांना गाठू नये. प्रोटेस्टंट आणि ज्यू मुलांसाठी जॉर्ज डीली यांनी 1878 मध्ये वेगळी संस्था काढली. आजचं म्युझियम आहे ती वास्तू या दुसऱ्या संस्थेची.

तिला पैसा मिळाला हेन्री रोझेनबर्ग यांच्या मृत्युपत्रातून. स्वित्झर्लंडहून आलेला हा माणूस कापडाच्या दुकानातून वर येत बँकर झाला. 1893 मध्ये तो वारला तेव्हा अनाथालयाच्या इमारतीसाठी 30 हजार डॉलर ठेवून गेला, शिवाय माणसांना आणि जनावरांना पाणी पिता यावं म्हणून गावात 17 पाणपोया बांधायची तजवीजही करून गेला. आल्फ्रेड म्युलर या वास्तुविशारदाने टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या गॉथिक धाटणीची इमारत उभारली आणि 1895 मध्ये मुलं तिथे राहायला आली.

पाचच वर्षांनी, 8 सप्टेंबर 1900 ला वादळ आलं. बेटाचा सगळ्यात उंच भागसुद्धा जेमतेम 9 फूट, आणि समुद्र 15 फुटांहून वर चढला. किमान 6 हजार माणसं गेली. अनेक जण 8 हजार म्हणतात. किनाऱ्यावरच्या सेंट मेरीजमध्ये नन्सनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना आपल्या अंगाशी बांधून घेतलं. 90 मुलं आणि 10 नन्स, सगळे बुडाले. वाचली फक्त तीन मोठी मुलं, तरंगत्या झाडाला धरून. तापापासून वाचवायला निवडलेली जागाच जीवघेणी निघाली. गावात आत असलेल्या रोझेनबर्गच्या इमारतीची पार मोडतोड झाली, पण तिथलं एकही मूल दगावलं नाही.

दुरुस्तीचा पैसा न्यूयॉर्कमधून आला. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी ऑक्टोबरमध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात अनाथांसाठी निधी गोळा करायला बाजार भरवला. दीर्घकाळ परदेशात राहून नुकतेच मायदेशी उतरलेले लेखक मार्क ट्वेन तिथे बोलले. सुमारे 50 हजार डॉलर जमले म्हणतात, म्हणजे रोझेनबर्गच्या देणगीहून जास्त. हर्स्टच्या दानशूरपणात पेपरच्या जाहिरातीचा वाटा किती, हे विचारायला हरकत नाही. पण छप्पर त्याच पैशाने चढलं. वास्तुविशारद जॉर्ज स्टोव यांनी गॉथिक मनोरे परत न बांधता इमारतीला अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन धाटणीचं वळण दिलं. 1902 मध्ये ती पुन्हा उघडली. आज दिसते ती हीच.

अनाथालय 1984 पर्यंत चाललं. तोवर अमेरिकेत मुलांना मोठ्या संस्थांऐवजी घराघरांत सांभाळायला देण्याची पद्धत रुळली होती. नंतर काही वर्षं इमारत खासगी मालकीची होती. 2013 मध्ये जे. पी. ब्रायन या ऊर्जा-उद्योजकाने ती घेतली आणि 2015 मध्ये म्युझियम उघडलं. त्यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह सुमारे 70 हजार वस्तूंचा आहे: स्पॅनिश राजवटीपासूनचे कागद, चित्रं, काउबॉयांच्या टाचेचे काटे, टेक्सासला मेक्सिकोपासून स्वतंत्र करणाऱ्या सॅन हासिंतोच्या लढाईचा छोट्या पुतळ्यांचा देखावा. संग्राहक म्हणून माणूस थोर. तरीही टेक्सासचा इतिहास लढाया आणि गुराख्यांपुरता पाहायची सवय असलेल्यांनी आधी या इमारतीचीच चौकशी करावी. सेंट मेरीजची तर इमारतही उरली नाही. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर 1994 मध्ये लावलेला एक फलक तेवढा आहे.