रोप आडवं पडलं म्हणजे हुमणीच असं नाही, आधी माती उकरून बघा

आपल्या पुणे जिल्ह्यात, सातगाव पठारापासून शिरूरपर्यंत, सकाळी कोबी-मिरचीची रोपं आडवी पडलेली दिसली की कुणीतरी म्हणतंच, हुमणी लागली, शेणखतातून आली. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि त्यापायी चुकीच्या औषधावर पैसे जातात याचं खरंच वाईट वाटतं.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी, पांढरी, तपकिरी डोक्याची, ती जमिनीत मुळं खाते, रोप आधी सुकतं आणि ओढलं की अलगद हातात येतं. रोप जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखं पडलं असेल, मुळं मात्र जागेवर शाबूत असतील, तर तो कटवर्म, म्हणजे रोपं कुरतडून पाडणारी अळी. ही पतंगाची अळी. पडलेल्या रोपाशेजारची दोन-तीन बोटं माती उकरा, काळपट राखाडी, तेलकट दिसणारी अळी सापडेल, हात लावला की लगेच वेटोळं करते. मोठी झाली की ४-५ सेंमी भरते.

मादी पतंग अंडी घालतो ते बहुतेक तणावर नाहीतर ओल्या मातीत, म्हणून लागवडीच्या १५ दिवस आधी तण काढून खोल नांगरट करा, अळ्या-कोष वर येतात आणि बगळे-साळुंक्या टिपतात.

अळी दिवसा मातीत लपते, त्यामुळे दुपारी फवारून उपयोग शून्य. संध्याकाळी वाफ्यात ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा, पहाटे उचलून खालच्या अळ्या वेचा, किंवा रात्री बॅटरी घेऊन फिरा. औषध लागलंच तर शिफारशीतलंच, तेही संध्याकाळी, बुडाशी.