जुन्या पेनाच्या पोटातलं रबर

'रिस्टोअर केलेलं' अशी चिठ्ठी लावलेलं जुनं शेफर किंवा पार्कर पेन दिसलं की आपण आधी निब बघतो, मग रंग. जुनी पेनं दुरुस्त करून विकण्याच्या या धंद्याचं मूळ मात्र दांडीच्या आत दडलेल्या रबरात आहे.

सुरुवातीची फाउंटन पेनं ड्रॉपरने भरायची. दांडी हीच टाकी, त्यामुळे आत बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं; बोटं तेवढी बरबटायची. आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचे सराफ वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली त्यावर तोडगा काढला. आत रबराची पिशवी, बाहेर छोटा खटका. खटका उचलला की पिशवी दबते, सोडला की फुगताना शाई ओढून घेते. झकास सोय! पण रबर जुनं झालं की कडक होतं आणि मग त्याचा चुरा होतो.

असं एक पेन मी 'पूर्ण रिस्टोअर केलेलं' म्हणून घेतलं होतं. बाहेरून आरसा. खटका काही हलेना. उघडलं तर पिशवीचे काळे तुकडे करपलेल्या पापडासारखे टेबलावर सांडले. विकणाऱ्याने नुसतं पॉलिश मारलं होतं, तेही इतकं घासून की दांडीवर कोरलेलं कंपनीचं नाव पुसट झालेलं.

जाणता कारागीर नवी पिशवी चपड्याने, म्हणजे आपल्याच देशातल्या जंगलांत होणाऱ्या लाखेने चिकटवतो. लाख ऊब दिली की सुटते, म्हणून वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तेच पेन दांडी न तडकवता उघडता येतं. सुपरग्लू लावणारा पुढच्या माणसाची वाट बंद करतो. ऊबही बेतानेच द्यावी लागते; त्या काळच्या बऱ्याच दांड्या सेल्युलॉइडच्या, आणि सेल्युलॉइड पेट घेतं.

पार्करने १९३३ च्या व्हॅक्युमॅटिक या पेनात पिशवी काढून टाकली, पण रबराचा पडदा ठेवलाच. १९४१ साली आलेल्या पार्कर ५१ मध्येही आधी तोच होता. या पेनासाठी कंपनीने झटकन वाळणारी शाई काढली होती. ती इतकी जहाल की दांडीला ल्युसाइट हे नवं प्लॅस्टिक वापरावं लागलं. १९४८ मध्ये रबर गेलं आणि दाबून भरायची प्लॅस्टिकची पिशवी आली. ती इतकी चिवट की त्या काळातल्या कित्येक ५१ ला आज नुसत्या पाण्याने धुतलं तरी पुरतं. अशा पेनावर 'रिस्टोअर' लिहून दाम वाढवणारा विक्रेता मला खटकतो. 'धुऊन, लिहून पाहिलं' एवढंच लिहिणारा जास्त भरवशाचा.

मग बॉलपेन आलं. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यू यॉर्कच्या गिम्बेल्स या मोठ्या दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आलं आणि गर्दी लोटली. पुढच्या काही दशकांत शाईची पेनं खणात गेली, दुरुस्तीची दुकानं आटली. आपल्याकडे ५१ चा थाट बराच काळ पुरला. ज्यांना ते परवडायचं नाही त्यांच्या खिशाला ५१ सारख्याच झाकल्या, म्हणजे टोक तेवढं दिसणाऱ्या निबचं चिनी हीरो पेन असायचं.

खणातली पेनं पुन्हा बाहेर काढली ती संग्राहकांनी. ब्रिटनमध्ये १९८० साली आणि अमेरिकेत १९८८ साली त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांच्या मेळ्यात पेन हातात घेऊन शाईत बुडवता यायचं, खटका हलवून बघता यायचा. नव्वदीच्या दशकात ईबे ही इंटरनेटवरची बाजारपेठ आली आणि हातात उरला फक्त फोटो. 'रिस्टोअर' या शब्दाला ना कुठलं प्रमाणपत्र, ना शिक्का. म्हणून पेनाइतकंच कारागिराचं नाव विकलं जाऊ लागलं. चांगल्या विक्रेत्याची नोंद वाचली की फरक कळतो: पिशवी कधी बदलली, जीभ (निबखालचा शाई पुरवणारा भाग) कुठल्या पेनाची, निब सरळ केली का, मुलामा कुठे उडालाय, टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर आहे तिचा जवळून काढलेला फोटो, आणि त्याच निबने कागदावर ओढलेल्या दोन ओळी.