ब्रँड नोंदवायला येताना जुने कागद सोबत आणा
(ट्रेडमार्कच्या कामासाठी आमच्या सांगली कार्यालयात येणाऱ्या पक्षकारांसाठी)

बहुतेक पक्षकार मोबाइलमध्ये लोगोचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, एवढं नाव आमच्या नावावर करून टाका." अर्ज ऑनलाइन जातो, फी भरली की नंबर लगेच मिळतो, मग तुम्हाला आठ दिवस कशाला लागतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. रास्त प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर लिहून ठेवले आहे.

आठ दिवस लागतात ते अर्जातल्या एका रकान्यामुळे. हे नाव तुम्ही कधीपासून वापरता, असे तिथे विचारलेले असते. एक तर तारीख लिहायची, नाहीतर 'प्रपोज्ड टु बी यूज्ड', म्हणजे वापर अजून सुरू व्हायचा आहे, असे लिहायचे. तारीख लिहिली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. 'प्रपोज्ड'ला काहीच जोडावे लागत नाही. त्यामुळे घाईने भरलेल्या अर्जात वीस-पंचवीस वर्षे बाजारात असलेल्या नावापुढेही 'प्रपोज्ड' पडते.

याने काय बिघडते? ट्रेडमार्क कायदा १९९९ चे कलम ३४ जुन्या वापराला संरक्षण देते. तुमचा वापर समोरच्याच्या वापराच्या आणि त्याच्या नोंदणीच्या आधीपासून सलग चालू असेल, तर त्याच्याकडे नोंदणी असूनही तो तुम्हाला अडवू शकत नाही. आपल्या भागातले कितीतरी धंदे वडिलांनी किंवा आजोबांनी उभे केलेले आहेत. त्यांची खरी ताकद म्हणजे ही जुनी तारीख. ती असताना 'आम्ही अजून सुरुवात केलेली नाही' असे लिहून द्यायचे, म्हणजे ती आपल्याच हाताने सोडून द्यायची. नंतर ती दुरुस्त करून घेणे सोपे नसते आणि विरोधक तोच अर्ज आपल्यापुढे धरतो.

कांदा-लसूण मसाला करणारे एक कुटुंब आमच्याकडे आले ते असाच अर्ज आधी दुसरीकडून भरून. मसाला १९९६ पासूनचा. नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये, म्हणजे अर्जातली नावे लोकांसमोर मांडणाऱ्या अंकात, प्रसिद्ध झाले आणि परजिल्ह्यातल्या एका उत्पादकाने विरोध दाखल केला. मिळतेजुळते नाव आपण २००९ पासून वापरतो, असे त्याचे म्हणणे. विरोधाची प्रत मिळाल्यापासून उत्तराला दोन महिने असतात. यांची जुनी बिलबुके तळमजल्यावर होती आणि २०१९ च्या महापुरात त्यांचा लगदा झाला होता. शेवटी तासगावच्या एका किराणा दुकानात, मागच्या भिंतीवर एकाच खिळ्याला एकावर एक अडकवलेल्या कॅलेंडरांच्या तळाशी, यांनी दुकानदारांना वाटलेले २००१ चे कॅलेंडर सापडले. लक्ष्मीच्या चित्राखाली ब्रँडचे नाव आणि पाकिटाचे चित्र, दोन्ही स्पष्ट. आम्ही ते खिळ्यासकट उतरवून आणले. प्रकरण अजून चालू आहे. अर्जाच्या वेळी आठ दिवस दिले असते तर तो अर्ज पहिल्या दिवसापासून १९९६ ची तारीख घेऊन उभा राहिला असता.

तेव्हा घरी, गोडाऊनमध्ये, चार्टर्ड अकाउंटंटकडे शोधा. मात्र नुसते बिल चालत नाही, हे लक्षात ठेवा. बिलावर 'मसाला १० किलो' एवढेच असेल तर तुमचा धंदा चालू होता एवढे त्यातून दिसते, ब्रँड वापरात होता हे दिसत नाही. ज्या कागदावर ब्रँडचे नाव आणि तारीख एकत्र आहेत, तो सोन्यासारखा जपा. पाकिटे छापणाऱ्या प्रेसचे बिल, छपाईच्या ब्लॉकचा नमुना, यात्रेच्या अंकातली किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात, प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो असे काहीही आणा. जीएसटी २०१७ चा, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांसाठी हेच कागद कामाला येतात. बिले वडिलांच्या नावावर आणि अर्ज तुमच्या भागीदारी फर्मचा असेल, तर मधला दुवा दाखवणारा कागदही लागेल. वाटणीपत्र असो की भागीदारीचा करार, तो आधी दाखवा.

तुमच्यासारखे नाव आधी कुणी नोंदवले आहे का, या आमच्या शोधाच्या वेगळ्या फीबद्दलही विचारणा होते. त्या फीत आम्ही रजिस्टरमध्ये सारखे दिसणारे आणि सारखे ऐकू येणारे, दोन्ही प्रकारचे शब्द तपासतो. मराठी नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते, तेही पाहतो. 'कृष्णामाई', 'गणेश', 'महालक्ष्मी' अशा नावांवर आधीच गर्दी असते. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. नुसते 'सांगली हळद' किंवा 'सातारी कंदी पेढे' असे नावही कुणा एकाला मिळत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची ओळख) मिळाले आहे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करता येते, आणि बेदाणा-हळदीच्या व्यापाऱ्यांनी ती जरूर करावी. शोधात नाव अडकतेय असे दिसले तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो, मग तुम्ही अर्ज केला नाही तरी चालेल. दहा हजार पाकिटे छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा ते परवडते.

सरकारी फी प्रत्येक वर्गामागे, म्हणजे माल किंवा सेवेच्या प्रत्येक गटामागे, वेगळी भरावी लागते. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५००, इतरांना ९,००० रुपये. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या नोंदणीचे) असेल तर न विसरता आणा. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाला, हळद वर्ग ३० मध्ये, लोणचे आणि बेदाणा वर्ग २९ मध्ये. दोन्ही विकत असाल तर दोन वर्ग लागतात. ही आमची कमाई वाढवण्याची युक्ती नव्हे, कायद्याचीच रचना तशी आहे.

अर्जानंतर ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात आक्षेप आला तर उत्तराला एक महिना मिळतो. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची असते, पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण. नावाशेजारी 'टीएम' (ट्रेडमार्क) आजपासून लावा, पण वर्तुळातला 'आर' (नोंदणीकृत) प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लावू नका, त्याला दंड आहे. नोंदणी झाली की नावाची नक्कल करणाऱ्या परगावच्या माणसावरचा उल्लंघनाचा दावा तुम्ही आपल्या जिल्हा न्यायालयात लावू शकता. फक्त बिननोंदणीच्या नावावर भांडताना बहुधा त्याच्या गावी जावे लागते.

प्रत्येक मुदतीची तारीख आम्ही कार्यालयातल्या वहीत आणि संगणकावर, अशा दोन ठिकाणी लिहितो आणि तुम्हाला आधी फोन करतो. नंबर बदलला तर तेवढे कळवा.

पुरात भिजलेले कागद सावलीत वाळवून तसेच आणा. फाटक्या कडा टेपने चिकटवू नका आणि काहीही लॅमिनेट करू नका, मशिनवरच्या छापील पावत्या उष्णतेने काळ्या पडतात. मूळ कागद आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो.