यंत्र कपाटात जाण्याआधी

गळीत हंगामात सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या गाड्या धावतात. चालकाला डुलकी लागली की दोष जागरणाला जातो. पण सात तास झोपूनही माणूस सकाळी थकलेलाच उठत असेल, घोरता घोरता मध्येच शांत होऊन मग गुदमरल्यासारखा श्वास ओढत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्यावी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते, किमान 10 सेकंद. तासाला असे अडथळे 5 ते 15 असतील तर आजार सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा झोपेच्या तपासणीतूनच कळतो. नुसतं घोरणं ऐकून उपचाराचं यंत्र विकत घेऊ नका.

मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप, म्हणजे चेहऱ्यावरच्या मास्कमधून दाबाने हवा सोडणारं यंत्र, पहिली निवड. 1981 साली सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली: हवेच्या दाबाने घसा आतून उघडा ठेवायचा. लावलं त्याच रात्री गुण येतो, काढलं की आजार जागेवर.

आणि नेमका मास्कच जमत नाही म्हणून अनेक यंत्रं कपाटात जातात. हवा गळते, माणूस पट्टे आवळतो, तरी गळतेच. कारण मास्कची मऊ कड हवेने फुगून चेहऱ्याला बसते. आवळली की ती चेपते. आडवं पडून, यंत्र चालू करून मास्क जरा पुढे ओढा, कड फुगू द्या, अलगद टेकवा, मग दोन्ही पट्टे सारखे घ्या. दाढी आणि तेलकट क्रीम आड येतात. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी सूं सूं मात्र गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. त्यावर चिकटपट्टी कधीही लावू नका!

हवा दमट करण्यासाठी यंत्राला पाण्याची टाकी असते; तिच्यात बोअरचं पाणी घातलं की पांढरा क्षार धरतो, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरा आणि उरलेलं रोज सकाळी ओता. यंत्र इन्व्हर्टरवर चालवताना टाकी तापवणं बंद ठेवलं तर बॅटरी जास्त पुरते.

आजार सौम्य असेल तर कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं यांनी बराच फरक पडतो. दंतवैद्याने मापाने बनवलेली, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरणारी पट्टीही चालते; सुरुवातीला जबडा दुखतो. लहान मुलांत मात्र आधी टॉन्सिल आणि नाकाच्या मागची गाठ म्हणजे अ‍ॅडेनॉइड तपासून घ्या.

दोन आठवड्यांनी यंत्रातली नोंद डॉक्टरांना दाखवा. वापर रात्री चार तासांच्या खाली दिसला तर दुसऱ्या मापाचा मास्क मागून घ्या.