हवा तापमान संवेदक, मोटारगाडीतील (दोषनिदान)

इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा संवेदक. गॅरेजमध्ये यालाच आयएटी (इनटेक एअर टेम्परेचर) सेन्सर म्हणतात. तो एअर फिल्टरनंतरच्या नळीत किंवा इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जोडावर) असतो. बऱ्याच गाड्यांत दाबाच्या संवेदकासह एकाच कवचात, चार पिनांचा. हवा २०° से. वरून ४०° से. वर गेली की तिची घनता सुमारे ६ टक्के घटते व ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) त्या हिशेबाने इंधन कमी सोडतो.

संवेदकाचा गाभा म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा रोध घटतो. हा गुणधर्म मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला, म्हणून काही लेखक थर्मिस्टरचा उगम तेथे धरतात. इतर जण १९३० च्या सुमारास अमेरिकन संशोधक सॅम्युएल रूबेन यांनी घेतलेल्या पेटंटपासून सुरुवात करतात. फॅराडे यांचे निरीक्षण अर्धवाहकांच्या इतिहासात मोलाचे आहे. मात्र वापरण्याजोगे साधन या अर्थी रूबेन यांच्या बाजूचे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रचलित संवेदकांत २०° से. ला रोध साधारण २.५ किलोओहम, तर ८०° से. ला ०.३ किलोओहमच्या आसपास भरतो. उत्पादकानुसार यात फरक पडतो. तार तुटली किंवा कपलर (तारांचा जोड) निघाला तर स्कॅनरवर (ईसीयूमधील आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) −४०° से. दिसते व पी०११३ हा दोष-कोड येतो. सिग्नलची तार अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) चिकटली तर अवास्तव उष्ण आकडा व पी०११२. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, विशेषतः अतिवृष्टीच्या गगनबावड्याकडे नेहमी जाणाऱ्या गाड्यांत, कपलरमध्ये पाणी मुरून पिनेवर हिरवट थर चढतो. असा कोड दिसताच संवेदक बदलणे चूक. आधी कपलर उघडून पिना आणि तारा पाहाव्यात.

खरी कसोटी लागते ती कोडच न देणाऱ्या दोषात. क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळच्या कवचातील) तेलकट वाफेने माखलेला संवेदक चालू असतो, पण सुस्तावतो. याची सर्वांत भरवशाची तपासणी अशी: गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करून हवेचे व कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान स्कॅनरवर ताडून पाहावे. कोल्हापुरात थंडीच्या पहाटे दोन्ही आकडे १५° से. च्या जवळपास, एकमेकांशी जुळते हवेत. एकटा हवेचा आकडा ३५ दाखवत असेल तर दोष याच मंडलात आहे. संवेदक काढून हेअर ड्रायरची गरम हवा सोडल्यास मल्टीमीटरवरचा रोध अखंड उतरत गेला पाहिजे. मध्येच आकडा उडाला तर संवेदक निकामी. रहदारीत उभ्या गाडीत बॉनेटखालच्या उष्णतेने आकडा चढतो, तो दोष नव्हे.

जोड-संवेदकात दाबाचाही पडताळा घ्यावा: इंजिन बंद असताना कोल्हापूरच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल, तर कोकण किनाऱ्यावर १०१ च्या आसपास असतो.