वेगासाठी घडलेली यंत्रे संथ रस्त्यावर

शर्यतीची जुनी मोटार किंवा मोटारसायकल शहरातल्या रस्त्यांवरून प्रदर्शनासाठी फिरवणे हे त्या यंत्राच्या दृष्टीने सोपे, जवळजवळ विश्रांतीचे काम असावे, असा समज सहज होतो. ताशी अडीचशे किलोमीटरसाठी घडवलेल्या वाहनाला ताशी तीस किलोमीटरने जायला काय अवघड, असे वाटते. परंतु इंजिन, क्लच, थंडाव्याची व्यवस्था, इंधन आणि तोल यांपैकी कोणतीही बाब घेतली, तरी उत्तर उलटेच मिळते. शर्यतीच्या यंत्राची रचना इंजिनाचे मिनिटाला ठरावीक फेरे, ठरावीक तापमान आणि ठरावीक हवेचा झोत अशा एका अरुंद पट्ट्यासाठी केलेली असते, आणि शहरातली संथ फेरी त्याला नेमकी त्या पट्ट्याबाहेर चालायला लावते. अशा वेळी दिसणारा धूर, इंजिनाचे अडखळणे, मध्येच बंद पडणे यांचा दोष आपण यंत्राच्या वयाला देतो. पण यातल्या बऱ्याच गोष्टी यंत्र नवेकोरे असतानाही तशाच घडत होत्या.

या यंत्रांना शहराचे रस्ते परके मात्र नाहीत. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर पहिली ग्रां प्री १९२९ मध्ये झाली आणि विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स याने ती बुगाटी मोटारीतून जिंकली. फ्रान्समधील आंगुलेम या गावात जुन्या तटबंदीभोवतीच्या रस्त्यांवर १९३९ मध्ये शर्यत झाली. या दोन्ही ठिकाणी आता त्या काळातील वाहने पुन्हा धावतात. तेव्हाचे वेग आणि आताच्या प्रदर्शनातले वेग यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि सगळी अडचण त्या अंतरातून निर्माण होते.

सुरुवात इंजिनाच्या श्वासोच्छ्वासापासून करावी लागेल. चार फटक्यांच्या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणारी एक झडप आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी दुसरी झडप असते. शर्यतीच्या इंजिनात कॅमशाफ्टचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा, आकार असा ठेवलेला असतो, की दोन्ही झडपा बराच काळ एकाच वेळी उघड्या राहतात. मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या गतीला बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग इतका असतो, की तो जाता जाता ताजे मिश्रण आत ओढून घेतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर तो वेग उरत नाही. मग जळलेला वायू उलट आत शिरतो, ताजे मिश्रण वाया जाते आणि इंजिन अडखळू लागते.

एक्झॉस्ट नळीची लांबीही याच हिशेबाने ठरलेली असते. झडप उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत जाते, आणि बासरीतल्या हवेच्या स्तंभाप्रमाणे नळीच्या उघड्या टोकावरून ती उलट रूपात, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन परतते. ती योग्य क्षणी झडपेपाशी पोहोचली, तर सिलिंडर जवळजवळ झाडून काढते. तप्त वायूत या लाटेचा वेग साधारण सेकंदाला ५०० मीटर धरला, तर एक मीटर लांबीच्या नळीतून जाऊन परत यायला तिला सेकंदाचे चार सहस्रांश लागतात. तेवढ्या वेळात सात हजार फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सुमारे १७० अंश फिरतो, तीन हजारांवर जेमतेम ७० अंश. नळी बदलली नाही, लाट बदलली नाही, पण ती आता भलत्या क्षणी पोहोचते. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या शर्यतीच्या मोटारसायकली, विशेषतः कर्ण्यासारख्या पसरट तोंडाचा एक्झॉस्ट असलेल्या, एका ठरावीक फेऱ्यांच्या खाली जवळजवळ ओढच देत नाहीत आणि त्या रेषेच्या वर गेल्या की एकदम झेपावतात, याचे कारण हेच आहे.

ब्रिटनच्या बीआरएम या सोळा सिलिंडरच्या, अवघ्या दीड लिटरच्या मोटारीत, जी १९५० मध्ये प्रथम शर्यतीत उतरली, ही गोष्ट टोकाला गेली होती. तिच्यातील सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंप, केंद्रोत्सारी पद्धतीचा होता. अशा सुपरचार्जरचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे फेरे निम्म्यावर आले की दाब एक चतुर्थांश होतो. चालकाने ॲक्सिलरेटर थोडा दाबला की फेरे वाढतात, त्यांच्याबरोबर दाब त्याहून वेगाने वाढतो, आणि मागची चाके जागेवरच गरगरू लागतात. मोकळ्या ट्रॅकवर हे सांभाळणे कठीण होते. दोन्ही बाजूंना माणसे उभी असलेल्या रस्त्यावर अशी मोटार चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला जे कौशल्य लागते, त्याचे मोल पाहणाऱ्यांनी ओळखायला हवे असे मला वाटते.

यावर सोपा उपाय म्हणजे इंजिन वरच्या फेऱ्यांवर ठेवून गाडी हळू चालवणे. पण त्याची किंमत क्लच मोजतो. शर्यतीच्या वाहनाचा पहिला गिअरही लांब पल्ल्याचा असतो. समजा, पहिल्या गिअरमध्ये इंजिन ज्या किमान फेऱ्यांवर नीट चालते, त्यांना वाहनाचा वेग ताशी ५० किलोमीटर येतो. आता ताशी ३० ने जायचे असेल, तर क्लच सतत अर्धवट घसरता ठेवावा लागेल. घसरणाऱ्या क्लचची कार्यक्षमता म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या फेऱ्यांचे गुणोत्तर. इथे ते ३० भागिले ५०, म्हणजे ६० टक्के आहे. उरलेली ४० टक्के ऊर्जा क्लचच्या चकत्यांमध्ये उष्णता बनून राहते. शर्यतीत क्लच सुरुवातीला काही क्षणच घसरतो आणि पुढे थंड होतो. संथ मिरवणुकीत त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून जाणते चालक पुढच्या वाहनापासून मोठे अंतर सोडतात, क्लच पूर्ण जोडून थोडे पुढे जातात, मग पूर्ण सोडून गाडी तशीच वाहू देतात. पाहणाऱ्याला हे झटके देत चालवणे वाटते, पण क्लच वाचवण्याचा तोच मार्ग आहे.

स्पार्क प्लगची गोष्ट उष्णतेच्या दुसऱ्या टोकाची आहे. प्लगचे आतले टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर असले, की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या फार वर गेले, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. शर्यतीसाठी लावलेले प्लग उष्णता झटपट बाहेर सोडणारे असतात, कारण पूर्ण शक्तीवर त्यांना वितळण्यापासून वाचायचे असते. तेच प्लग संथ गतीत ४५० अंशांपर्यंत पोहोचतच नाहीत. काजळी आणि तेल साचते, ठिणगी टोकावर पडण्याऐवजी काजळीतून वाहून जाते आणि सिलिंडर मूक होतो. म्हणून इंजिन गरम करताना वेगळे, लवकर तापणारे प्लग लावायचे आणि शर्यतीआधी ते बदलायचे, ही त्या काळातील नेहमीची रीत होती. प्रदर्शनात पुष्कळदा ते पहिलेच प्लग ठेवतात, अर्थात चालक इंजिनाला पूर्ण शक्तीवर नेणार नाही या अटीवर. मॅग्नेटोचाही यात वाटा असतो: तो फिरण्याच्या वेगातूनच वीज निर्माण करतो, त्यामुळे हळू फिरताना ठिणगी क्षीण असते. मोटारसायकलींच्या ग्रां प्री शर्यती १९८६ पर्यंत गाडी ढकलत पळून, धक्का देऊन सुरू होत असत. आज प्रदर्शनात कोणी त्याच पद्धतीने जुनी मोटारसायकल सुरू करताना दिसले, तर तो देखावा नसून तिला सुरू करण्याचा खरा मार्ग आहे.

इंजिनाची उष्णता बाहेर टाकणे हे सर्वांत निकडीचे काम. इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग पाण्यात आणि सिलिंडरच्या भिंतींत जातो, आणि शर्यतीच्या मोटारीच्या रेडिएटरला सहसा पंखा नसतो, कारण वेगाने येणारा वारा पुरेसा असतो. चालण्याच्या वेगाने जाताना तो वारा नाहीसा होतो, उष्णता मात्र येत राहते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक मोटारींत पाण्याची व्यवस्था दाबाखाली बंद केलेली नव्हती, म्हणून पाणी १०० अंशांनाच उकळते. एक अतिरिक्त वातावरण दाब असता, तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत टिकले असते. पाण्याऐवजी केवळ धातूच्या पात्यांवर थंड होणाऱ्या मोटारसायकलींची अवस्था याहून नाजूक असते. शिवाय इंजिन थांबवल्यावर साठलेली उष्णता हवा-इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते, तिथले पेट्रोल बाष्प बनते आणि इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. चौकात दहा मिनिटे थांबवून ठेवलेली रांग ही म्हणूनच आयोजकांची सर्वांत महागात पडणारी चूक असते.

मिथेनॉल हे इंधन म्हणून वापरले जाणारे अल्कोहोल या उष्णतेवरचे जुने औषध. एक किलो मिथेनॉलचे बाष्प होताना सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते; पेट्रोलच्या बाबतीत हा आकडा साधारण त्याच्या एक तृतीयांश आहे. त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड आणि दाट राहते. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन ग्रां प्री मोटारी मिथेनॉल, बेंझॉल आणि इथेनॉल यांच्या मिश्रणांवर धावत होत्या, त्यामागे हेच शास्त्र होते. मिथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी असल्याने ते दुपटीहून अधिक लागते, थंड हवेत त्याचे बाष्प पुरेसे होत नसल्याने इंजिन सुरू करायला पेट्रोलची मदत घ्यावी लागते, आणि त्याची ज्वाला दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही. गर्दीच्या रस्त्यावर या शेवटच्या गुणधर्माचा विचार आधी करावा लागतो. अग्निशमन करणाऱ्यांना कोणते वाहन कोणत्या इंधनावर चालते हे ठाऊक असलेच पाहिजे.

या प्रदर्शनांत हवेत जो गोडसर, उग्र वास दरवळतो, तो एरंडेल तेलाचा. एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल विपुल असते आणि त्याच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गटामुळे ते धातूच्या पृष्ठभागाला घट्ट धरून राहते. पेट्रोलमध्ये ते सहज विरघळत नाही, त्यामुळे इंधनाने धुतले जात नाही. पण तापून हवेशी संयोग झाला की ते चिकट, लाखेसारखे होऊन बसते. त्या वासाची मोहिनी मला पुरती समजते, तरी तो वास म्हणजे पुढच्या साफसफाईची सूचनाही असते.

मोटारसायकलस्वाराला यंत्राबरोबर तोलही सांभाळायचा असतो. वेगात दुचाकी स्वतःला बरीचशी सावरते. अगदी हळू जाताना तो आधार जातो आणि स्वाराला हँडल मोठ्या कोनांत फिरवावे लागते. शर्यतीच्या मोटारसायकलीचे हँडल मात्र थोडेच वळते. चाकांमधील अंतर १.३५ मीटर आणि हँडलचा कोन २० अंश असेल, तर वळणाची त्रिज्या सुमारे पावणेचार मीटर येते. ३५ अंश असता तर ती दोन मीटरच्या आत आली असती. त्यात शहराचा रस्ता पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच व कडेला उतरता असतो, आणि त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्या, लोखंडी झाकणे, ट्रामचे रूळ ओले झाले की पकड झपाट्याने घटते.

धातूंचा थकवा हा वेगळाच प्रश्न. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला, तरी ते टिकू शकते; ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते, त्यांच्यात प्रत्येक हिसक्याची नोंद साठत जाते. म्हणून जुन्या वाहनांचे स्टिअरिंगचे दांडे आणि चाकांचे भाग भेदक रंगद्रव्याने किंवा चुंबकीय कणांनी तपासून डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा शोधल्या जातात. तरीही ही यंत्रे चालवावीत, या मताचा मी आहे. सहा सिलिंडरची, २५० सीसीची होंडा, जिच्यावर माइक हेलवुडने १९६६ आणि १९६७ ची जागतिक अजिंक्यपदे जिंकली, मिनिटाला १८,००० फेऱ्यांच्या आसपास जात असे. म्हणजे सेकंदाला ९०० स्फोट. त्याच काळातील एक सिलिंडरची नॉर्टन सात हजार फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५८ स्फोट करते. काचेआड ठेवलेल्या या दोन यंत्रांकडे पाहून एकीची किंकाळी आणि दुसरीचा घणाघात कळणार नाही.

तो आवाज ऐकणाऱ्यांनी कानांची काळजी मात्र घ्यावी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की परावर्तनामुळे तो इतका उतरत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ, या अमेरिकी शिफारशीनुसार १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात, आणि सायलेन्सर नसलेले इंजिन जवळून ती पातळी सहज ओलांडते. लहान मुलांच्या कानांवर आच्छादन हवेच. अंतराचा नियमही तितकाच कठोर असावा: १९५७ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीचा टायर फुटला, तो आणि त्याचा सहकारी तर गेलेच, पण रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षकही मृत्युमुखी पडले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ताशी १८० ऐवजी ६० चा वेग ठेवला तर ती नवव्या हिश्शावर येते. वेगमर्यादेइतका परिणामकारक कठडा दुसरा नाही.

फेरी संपल्यावर मिथेनॉलवर चाललेले इंजिन तसेच ठेवून चालत नाही. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमच्या भागांना गंज चढवते. म्हणून टाकी रिकामी करून इंजिन थोडा वेळ साध्या पेट्रोलवर चालवतात, एरंडेल तेल गरम असतानाच काढून घेतात, आणि इंजिन किती वेळ चालले ते नोंदवहीत लिहितात. ही नोंद किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये ठेवतात, कारण संथ फेरीत अंतर थोडेच कापले गेले, तरी दट्ट्या, झडपा आणि क्लच यांनी सोसलेला वेळ पूर्ण मोजावा लागतो, आणि इंजिन पुन्हा कधी उघडायचे हे त्यावरून ठरते.