काचबिंदूच्या रुग्णांसाठी: तपासणीच्या दिवशीही थेंब टाकूनच यावे

काचबिंदूच्या फेरतपासणीची वेळ घेताना ‘त्या दिवशी औषध टाकायचे का?’ असे आम्हाला जवळजवळ रोज विचारले जाते. आम्ही वेगळे सांगितले नसल्यास नेहमीच्या वेळी थेंब टाकूनच यावे. रक्ततपासणीला उपाशीपोटी जातात, त्याच हिशेबाने अनेकजण त्या सकाळी थेंब टाळतात. मग डोळ्याचे प्रेशर (आतल्या पाण्याचा दाब) समजा २६, म्हणजे जास्त भरते आणि औषध अपुरे पडते आहे की ते डोळ्यात गेलेच नाही, हे ठरवता येत नसल्याने आम्हाला पुन्हा बोलवावे लागते. याहून घातक म्हणजे महिनाभर बाटलीला हात न लावता शेवटचे दोन दिवस नेमाने थेंब टाकणे, कारण तेव्हा प्रेशर १६, म्हणजे आटोक्यात दिसते, आम्ही तेच औषध चालू ठेवतो आणि नजर मात्र कडेने कमी होत राहते. थेंब चुकले असतील तर निःसंकोच सांगावे. आम्ही रागावत नाही.

थेंबांनी दिसणे सुधारत नाही, म्हणून ते सोडू नयेत. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवण्यासाठीच ते असतात. एकच थेंब टाकून डोळा मिटावा आणि नाकाकडील कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी उतरते. दुसरे औषध पाच मिनिटांनी टाकावे. दमा असल्यास आधी कळवावे, कारण टिमोलॉलसारखे थेंब अशा रुग्णांना चालत नाहीत.

‘लेझरने थेंब कायमचे सुटतात का?’ याचे उत्तर डोळ्यागणिक बदलते. कोन, म्हणजे डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची जागा, उघडा असल्यास एसएलटी लेझरने (पाण्याचा निचरा सुधारणाऱ्या लेझरने) सुरुवात करता येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत असे उपचार घेतलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. मात्र हा परिणाम हळूहळू ओसरू शकतो, त्यामुळे तपासण्या सुटत नाहीत. कोन अरुंद असल्यास लेझरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात. एवढ्यानेही प्रेशर आटोक्यात न आल्यास शस्त्रक्रियेने पाण्याला नवी वाट करून देतात, आणि त्यानंतरचे पहिले काही आठवडे वारंवार यावे लागते.

येताना सर्व बाटल्या आणाव्यात; ‘निळ्या झाकणाची’ एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही, कारण कंपनीगणिक झाकण बदलते. नव्या रुग्णाकडून पहिला थेंब आम्ही येथेच, आमच्यासमोर टाकून घेतो. त्यात दहा मिनिटे जातात, पण थेंब गालावर ओघळतो की डोळ्यात पडतो, ते तेव्हाच कळते. जुन्या रुग्णांनीही हवे तेव्हा येऊन आपली पद्धत तपासून घ्यावी.